प्री-ऑर्डर करू की थांबू? ग्रुपमध्ये मी एकटाच उरलोय

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा २३ वर्षांचा, नाशिकचा, नोकरीला लागून अजून वर्ष पण झालेलं नाही. कॉलेजचे चौघं मित्र, एक पुण्यात, एक बंगळुरूला, एक जर्मनीत मास्टर्स करतोय आणि चौथा हा. डिस्कॉर्डवर ग्रुप आहे, शनिवारी रात्री एकत्र खेळायचं हे ठरलेलं. एका मोठ्या गेमचा पुढचा भाग पुढच्या महिन्यात पीसीवर येतोय, सगळ्यांनी कित्येक वर्षं वाट बघितलेला, स्टोरी एकट्याने खेळता येते आणि चौघांनी मिळून पण. बाकी तिघांनी डीलक्स एडिशन प्री-ऑर्डर करून टाकली, त्यात तीन दिवस आधी खेळायला मिळतं. साधी एडिशन ४,४९९ रुपये, डीलक्स ५,९९९. ह्याच्याकडे कॉलेजात असताना घेतलेला लॅपटॉप, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. गेमची की (ॲक्टिव्हेशनचा कोड) विकणारी एक साइट तोच गेम ३,४०० ला देतेय. वडिलांनी विचारलं, "जी वस्तू अजून आलीच नाही तिचे पैसे आत्ता कशाला भरायचे?" आणि ह्याला उत्तर सुचलं नाही. ह्याचं म्हणणं असं की आवडला नाही तर स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) रिफंड आहेच, प्री-ऑर्डरच्या स्किन (पात्राचे खास कपडे, हत्यारं) नंतर मिळणार नाहीत, डेव्हलपरला सपोर्ट पण होतो, आणि मुख्य म्हणजे ग्रुपमध्ये मागे पडायचं नाहीये. तर करू का?

मित्रा,

गेमचं नाव मी पत्रातून मुद्दाम काढलं. तीन महिन्यांनी दुसरा कुठला तरी गेम असेल आणि पत्र हेच असेल, नुसतं नाव आणि किंमत बदलून.

सुरुवात तुझ्या वडिलांपासून करू, कारण अख्ख्या पत्रात सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचाच आहे. वस्तू आली नाही तर पैसे का भरायचे? ह्याला पूर्वी खरंच उत्तर होतं. गेम डीव्हीडीवर यायचे, दुकानात मोजक्या कॉपी यायच्या, आधी नाव नोंदवलं नसेल तर पुढचा माल येईपर्यंत हात हलवत घरी. तेव्हा प्री-ऑर्डर म्हणजे दुकानदाराने तुझ्या नावाची कॉपी खरोखर बाजूला काढून ठेवणं. आता स्टीमवरून डाउनलोड करताना कुठली कॉपी संपणार आहे? पहिल्या दिवशी घेतला काय, पंधराव्या दिवशी घेतला काय, फाइल तीच, उलट पंधराव्या दिवशीची जरा दुरुस्त केलेली असते.

सिल्कसाँगचं आठवत असेल तुला. हॉलो नाइट ह्या गेमचा पुढचा भाग, २०१९ मध्ये जाहीर झालेला, लोक सहा वर्षं नुसते मीम्स टाकत बसले होते. ४ सप्टेंबर २०२५ ला आला, आणि त्याची प्री-ऑर्डरच नव्हती. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या, स्टीम आडवं झालं, कन्सोलवाल्यांची (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स) स्टोअर्स पण गडबडली, आणि थोड्या वेळाने? सगळ्यांना मिळाला. एकट्या स्टीमवर एका वेळी पाच लाखांच्या वर लोक खेळत होते. प्री-ऑर्डर नाही म्हणून कोणाचा गेम हुकला नाही, गेमचा धंदा पण बुडाला नाही. त्यामुळे "आत्ता नाही घेतला तर राहून जाईल" ही जी धाकधूक आहे ना, ती आधी डोक्यातून काढ, पीसीवर तसं काही होत नाही.

मग आत्ता पैसे भरून तुला नक्की मिळतं काय? स्किन, तीन दिवस, आणि प्रीलोड, म्हणजे गेम आधीच डाउनलोड करून ठेवणं.

स्किनबद्दल फार बोलत नाही. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन ह्या गेमवाल्यांनी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा जग हसलं होतं, आता आपण चिलखतासाठी महिनाभर आधी पैसे भरतो. तुला तो सोनेरी कोट मनापासून आवडला असेल तर ठीक, पण स्वतःलाच विचार, आधीच्या गेममधली प्री-ऑर्डरची कुठली स्किन तू दहाव्या तासानंतर घालून फिरत होतास? बहुतेक वेळा ती सुरुवातीला वापरायची बंदूक नाहीतर कपडे असतात आणि गेममध्येच थोड्या वेळाने त्याहून चांगलं सापडतं.

प्रीलोड मात्र खरा फायदा आहे, आणि वडिलांना द्यायला एक तरी धड उत्तर पाहिजे असेल तर ते हेच. आजकालचा मोठा गेम सहज १०० जीबीच्या वर जातो. ४० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी म्हणजे साडेपाच तास, ते पण लाइन मध्ये मेली नाही तर, आणि शनिवारी संध्याकाळी तुमच्या बिल्डिंगमधले सगळे काहीतरी बघत बसलेले असताना ती कशी चालते हे तुलाच माहीत. प्रीलोड केलं की गेम आधीच मशीनवर येऊन पडतो आणि उघडायच्या वेळी फक्त अनपॅक होतो. पण हे प्रीलोड सुरू कधी होतं? साधारण रिलीजच्या एक-दोन दिवस आधी. म्हणजे त्यासाठी महिनाभर आधी पैसे अडकवायची काही गरज नाही, आदल्या दिवशी घेतलास तरी प्रीलोड तोच. हा मुद्दा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तीन दिवसांकडे नंतर येतो, कारण त्याची खरी गाठ ग्रुपशी आहे.

आता रिफंड. "रिफंड आहेच की" हे तू अगदी सहज लिहिलंयस आणि अर्धं बरोबर पण आहे. स्टीमचा नियम सरळ आहे, प्री-ऑर्डर केलेला आणि अजून खेळायलाच न मिळालेला गेम रिलीजच्या आधी कधीही परत करता येतो, काही कारण लागत नाही. रिलीजनंतर चौदा दिवस आणि दोन तासांच्या आत खेळलेला असला तर परत. पैसे ज्या मार्गाने भरलेस तिकडे, नाहीतर स्टीम वॉलेटमध्ये येतात. चांगला नियम आहे, आणि म्हणूनच मी स्टीमवर प्री-ऑर्डर करणाऱ्याला मूर्ख वगैरे म्हणणार नाही, इंटरनेटवर ते म्हणायची फॅशन आहे पण पैसे सुटू शकतात तिथे एवढं ओरडायचं कारण नाही.

पण ते दोन तास नक्की कशात जातात हे बघ. २८ मार्च २०२३ ला द लास्ट ऑफ अस पार्ट वन पीसीवर आला. गेम सुरू केला की आधी शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) बनवत बसायचा, कोणाच्या मशीनवर अर्धा तास, कोणाच्या तासाच्या वर, आणि स्टीमच्या लेखी गेम चालू म्हणजे तू खेळतोयस. लोकांचे दोन तास मेन्यू बघण्यातच संपत आले. त्यात हल्लीच्या मोठ्या गेमची सुरुवात म्हणजे पाऊण तासाचा सिनेमा आणि ट्यूटोरियल, एका बंद खोलीत किंवा गुहेत, जिथे फ्रेम मस्त येतात (सेकंदाला जितक्या जास्त, तितकं चित्र सरळ चालतं), आणि खरी परीक्षा होते ती तिसऱ्या तासाला तू मोकळ्या जगात नाहीतर गर्दीच्या शहरात पोचलास की. तोवर रिफंडची वेळ गेलेली.

डीलक्समध्ये अजून एक मेख आहे जी तुझ्या मित्रांना पण बहुतेक माहीत नसेल. आधी मिळणाऱ्या दिवसांत जे खेळाल ते पूर्वी दोन तासांत धरत नव्हते, लोक तीन दिवस खेळून परत करायचे. एप्रिल २०२४ पासून स्टीमने ते बंद केलं, आता आधी मिळालेले तास पण मोजतात. म्हणजे शुक्रवारी रात्री तुम्ही चौघं बसलात की पहाटेपर्यंत रिफंडचा विषय संपला.

आणि तिसरी गोष्ट नियमाची नाही, माणसाची. पैसे गेलेले असले की माणूस परत मागत नाही. "दुरुस्तीचा एक पॅच येऊ दे", "ड्रायव्हर अपडेट करतो", "सेटिंग कमी करून बघतो", असं करत करत दोन तासांचे चार होतात. रिफंड असणं आणि रिफंड घेणं ह्यात फार फरक आहे, तू आतापर्यंत किती गेम खरोखर परत केलेस ते स्टीमच्या हिस्ट्रीत जाऊन बघ, त्यावरून तुझं तुलाच कळेल.

बरं, आता जे तू पत्रात एका ओळीत उडवलंयस आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. तुझा लॅपटॉप.

तू लिहिलंस की गेमने मिनिममला, म्हणजे कमीत कमी, जीटीएक्स १६६० कार्ड मागितलंय आणि माझ्याकडे तर ३०५० आहे, म्हणजे वरचंच. आकडा वरचा आहे, मान्य. पण १६६० मध्ये ६ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) असते, आणि कॉलेजच्या काळात घेतलेला ३०५० चा लॅपटॉप म्हणजे बहुतेक ४ जीबीवाला. आत्ता टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर क्लिक कर आणि डेडिकेटेड मेमरी किती दिसते बघ. ४ दिसली तर तू मिनिममच्या वर नाहीस, खाली आहेस, नावातला आकडा काही का म्हणेना. नव्या गेममध्ये व्हीरॅम कमी पडली की नुसते फ्रेम कमी होत नाहीत, टेक्सचर चिखलासारखे दिसतात, कॅमेरा वळवला की झटके बसतात, कधी गेम सरळ बंद पडतो. वर लॅपटॉपच्या ३०५० ला कंपनी किती वॉट देते त्यावर पण असतं, ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत काहीही, म्हणजे तुझा ३०५० आणि वर्गमित्राचा ३०५० सारखा चालेल असं पण नाही. आणि यूट्यूबवर "आरटीएक्स ३०५० टेस्ट" म्हणून जे व्हिडिओ बघून तू खूश होशील ना, त्यातले बरेचसे डेस्कटॉपच्या ८ जीबीवाल्या कार्डचे असतात. व्हिडिओ बघताना "लॅपटॉप, ४ जीबी" एवढं लिहिलेलं शोध, नसेल तर तो तुझ्यासाठी नाहीच.

गेमला कसं मशीन हवं ह्याचा रेकमेंडेडचा तक्ता वाचताना पण खालची बारीक अक्षरं वाच. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स ह्या गेमच्या पहिल्या तक्त्यात रेकमेंडेड म्हणजे १०८०पी आणि ६० फ्रेम असं होतं, पण फ्रेम जनरेशन चालू धरून. म्हणजे गेम स्वतः ६० फ्रेम काढणार नाही, मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर भरणार, आणि हे सगळं चांगल्या कार्डाच्या बाबतीत. तरी त्या लोकांनी एक काम बरं केलं, रिलीजच्या आधी फेब्रुवारी २०२५ मध्ये फुकट बेंचमार्क टूल स्टीमवर टाकलं, ज्याला शंका आहे त्याने आपल्याच मशीनवर चालवून बघावं. २८ फेब्रुवारीला गेम आला, तीन दिवसांत ८० लाख कॉपी गेल्या, आणि स्टीमवर रिव्ह्यू मात्र मिक्स्ड, कारण पीसीवर रडतखडत चालत होता. गेम वाईट होता असं नाही हं, कन्सोलवर लोक मजेत खेळत होते. पण पीसीवाल्याला "गेम चांगला आहे का" ह्याच्या आधी "माझ्याकडे चालतो का" हे विचारावं लागतं, आणि ह्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ट्रेलर देत नाही, नावाजलेला स्टुडिओ देत नाही, आधीच्या भागावरचं प्रेम तर मुळीच देत नाही.

तुझ्या गेमचा डेमो, बीटा, बेंचमार्क काही आहे का ते स्टीमच्या पेजवर आजच बघ. असेल तर माझं पत्र इथेच बाजूला ठेव आणि ते चालव, अर्ध्या तासात जे कळेल ते मी सांगू शकत नाही.

मोठं नाव म्हणजे खात्री असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन जुन्या गोष्टी सांगतो. बॅटमॅन अर्खम नाइट २३ जून २०१५ ला पीसीवर आला, आधीचे भाग सगळ्यांना आवडलेले, लोकांनी डोळे मिटून प्री-ऑर्डर केलेली. पीसीवर तो ३० फ्रेमला बांधलेला होता आणि तेवढ्या पण धड देत नव्हता. दुसऱ्याच दिवशी कंपनीने पीसीची विक्री थांबवली, परत सुरू केली ती ऑक्टोबरच्या शेवटी. चार महिने! स्टीमचा हा रिफंडचा नियम त्याच महिन्याच्या सुरुवातीला आला होता म्हणून लोक वाचले, एक महिना आधी घडलं असतं तर पैसे अडकले होते.

दुसरी सायबरपंक २०७७. १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा ८० लाख प्री-ऑर्डर होत्या, आठवड्याभरात सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला. आता ह्यात पीसीवाले म्हणतील आमच्याकडे बरा चालत होता, आणि ते खरं आहे, जुन्या कन्सोलपेक्षा पुष्कळ बरा. पण मला ह्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. रिलीजच्या तीन दिवस आधी रिव्ह्यू आले होते आणि चांगले होते, कारण रिव्ह्यू करणाऱ्यांना फक्त पीसीची कॉपी दिली होती, कन्सोलची नाही, आणि स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेज पण तेव्हा दाखवू देत नव्हते. म्हणजे रिव्ह्यू खोटे नव्हते, तुझ्या मशीनचे नव्हते. तुझ्या बाबतीत हे उलटं होऊ शकतं, रिव्ह्यू प्लेस्टेशन ५ वर नाहीतर ८०,००० च्या ग्राफिक्स कार्डावर केलेला, दहापैकी नऊ, आणि तू इथे नाशकात ४ जीबीवर बसलेला. रिव्ह्यू वाचताना आकडा नंतर बघ, आधी कुठल्या मशीनवर खेळलाय ते बघ. हाच सायबरपंक सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर अगदी वेगळा गेम झाला, आणि ज्यांनी तेव्हा घेतला त्यांनी कमी पैशात जास्त चांगला घेतला.

डेव्हलपरला सपोर्ट म्हणतोस, भावना चांगली आहे. पण एवढ्या मोठ्या गेमला तुझ्या ४,४९९ ने महिनाभर आधी काही होत नाही, गेम बनून झालेला असतो, पब्लिशरला प्री-ऑर्डर हवी असते ती आकडा दाखवायला आणि रिव्ह्यू यायच्या आधी विक्री बांधून घ्यायला. सपोर्टच करायचा तर चार-पाच जणांच्या एखाद्या छोट्या टीमचा गेम पहिल्या आठवड्यात घे, खेळ, आणि स्टीमवर दोन ओळी रिव्ह्यू लिही. तिथे तुझ्या सहाशे-सातशे रुपयांना खरंच किंमत आहे.

३,४०० च्या साइटबद्दल स्पष्ट सांगतो, ह्या वेळी तरी नको. बाहेर घेतलेल्या कीवर स्टीम रिफंड देत नाही, म्हणजे जी एक गोष्ट तुला वाचवणार आहे तीच तू हजार रुपयांसाठी सोडून देतोयस, ते पण लॅपटॉपवर चालेल की नाही हे माहीत नसताना. ज्याचा पीसी भक्कम आहे आणि गेम ठेवायचाच हे नक्की आहे त्याने पब्लिशरने अधिकृत नेमलेल्या दुकानातून की घेतली तर एक वेळ समजू शकतो, पण कुठून आली हे न सांगणाऱ्या साइटवरच्या की नंतर रद्द झाल्याची उदाहरणं आहेत. आणि टेलिग्रामवर नाहीतर इन्स्टावर "ऑफलाइन ॲक्टिव्हेशन फक्त ३००" म्हणून जे विकतात ते गेम विकतच नाहीत, दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये तुला घुसवतात, आणि तुला तर मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचंय.

आता ग्रुप. मला वाटतं तुझं पत्र खरं ह्यासाठी आहे, बाकी सगळे मुद्दे तू वकिलासारखे जमवलेत. आणि ह्यात लाजायचं काही नाही. कॉलेज संपलं की मित्र पांगतात, जर्मनीतला मुलगा तुमच्या शनिवारी रात्री त्याची संध्याकाळ मोकळी ठेवून बसतो, ही साधी गोष्ट नाहीये. त्यामुळे "मित्र काय, समजून घेतील" असलं मी म्हणणार नाही. पण तू धरून चाललायस की पहिले तीन दिवस तू नसलास तर तुझं काहीतरी कायमचं जाईल. नीट बघ ना, पहिले तीन दिवस असतात गुरुवार ते शनिवार वगैरे, बंगळुरूवाला ऑफिसात, जर्मनीवाल्याचं कॉलेज, स्टोरीचा गेम असल्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक जण आपापला एकटा खेळणार, को-ऑप, म्हणजे मिळून खेळणं, बऱ्याच गेममध्ये सुरुवातीचा काही भाग झाल्याशिवाय उघडतच नाही. तुमचा गेमपण तसाच आहे का ते शोधून बघ, असेल तर १,५०० रुपये जास्त देऊन तू तिघांबरोबर खेळणार नाहीस, चौघं वेगवेगळ्या गुहेत ट्यूटोरियल खेळाल.

आणि समजा दोन आठवडे राहिलास तू मागे. मागून आलेल्याला खेळून दाखवणं, "इथे जाऊ नको", "थांब थांब आता बघ" करणं, ह्यात बाकीच्यांना फार मजा येते, तू पण कोणाला तरी असं केलं असशीलच. खरा त्रास एकच, स्पॉयलर. त्याला साधा उपाय, डिस्कॉर्डवर त्या गेमचं वेगळं चॅनेल करायला लाव आणि ते म्यूट कर.

उलटी बाजू पण सांगतो म्हणजे तुला मी नुसता अडवतोय असं वाटायला नको. तुझ्याकडे ८ जीबीचं बऱ्यापैकी कार्ड असतं, ४,४९९ जाऊन महिन्याचं काही अडणार नसतं आणि चौघांचा पहिला वीकेंड सुट्टी काढून ठरलेला असता, तर मी म्हणालो असतो घे बाबा, मजा कर. पहिल्या वीकेंडला सगळ्यांना काहीच माहीत नसताना एकत्र चाचपडत खेळायची मजा वेगळीच असते, आणि ती नंतर येत नाही हे मी मान्य करतो. त्या मजेचे पैसे द्यायला हरकत नाही, फक्त आपण कशाचे पैसे देतोय हे माहीत पाहिजे. वाचणाऱ्यांपैकी ज्यांची परिस्थिती अशी असेल त्यांनी साधी एडिशन स्टीमवर घ्यावी आणि रिव्ह्यू आले की एकदा थंड डोक्याने ठेवायची का ते बघावं, रिलीजच्या आधी परत करायला फुकट आहे.

तुझ्या बाबतीत मी असं करीन. आज काही घेऊ नको, विशलिस्टला टाक. व्हीरॅम बघ. डेमो नाहीतर बेंचमार्क आला तर चालव. डीलक्सवाले खेळायला लागले की पहिले तीन दिवस तुझ्या कामाचे आहेत, हजारो लोक आपले पैसे भरून तुझ्यासाठी टेस्टिंग करणार आहेत आणि त्यात ४ जीबी लॅपटॉपवाला कोणीतरी असतोच, स्टीमचे रिव्ह्यू आणि डिस्कशनमध्ये "३०५० लॅपटॉप" म्हणून शोध. तुझे मित्र तर घरचेच आहेत, त्यातल्या एकाला सांग स्क्रीन शेअर करून शहरातला, गर्दीचा, लढाईचा भाग दाखव, कटसीन नको. चालतोय असं दिसलं तर रिलीजच्या आदल्या दिवशी साधी एडिशन घे, प्रीलोड लाव, प्री-ऑर्डरचा बोनस बहुतेक वेळा तेव्हा पण मिळतोच, स्टीमच्या पेजवर खात्री करून घे. घेतल्यावर पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा मोबाइलवर दीड तासाचा अलार्म लाव. शेडर, सेटिंग उरकून, सुरुवातीचा सिनेमा स्किप करून जमेल तेवढं मोकळ्या भागात पोच. अलार्म वाजला तेव्हा झटके बसत असतील तर त्याच क्षणी गेम बंद आणि रिफंड टाक, पॅचची वाट बघायची नाही. पॅच आला की परत घेता येतो, आणि सहा-आठ महिन्यांनी जूनच्या शेवटी नाहीतर डिसेंबरच्या स्टीम सेलला बहुतेक कमी किमतीत. फक्त हे दर महिन्याला करू नको, सारखं घेणं-परत करणं दिसलं तर स्टीम रिफंड बंद करू शकतं.

चालत नाहीच असं दिसलं तर ह्या एका गेमसाठी हप्त्यावर नवा लॅपटॉप घ्यायच्या फंदात पडू नको, तो विषय वेगळा आहे आणि त्याचं पत्र वेगळं पाठव, पगार आणि घरी किती देतोस ते लिहून.

ग्रुपवर आजच टाकून दे की तुम्ही सुरू करा, माझ्या ४ जीबीवर चालतोय का बघून मी रिलीजच्या दिवशी सांगतो, आणि जुना भाग मध्यंतरी एक शनिवार परत खेळूया. आणि त्या ५१२ च्या एसएसडीवर दीडशे-दोनशे जीबी जागा आत्तापासून कर, अनपॅक होताना गेमच्या साइझपेक्षा जास्त जागा लागते आणि त्याच रात्री काय डिलीट करू म्हणत बसशील.